लाल ठिपक्याचा पाय

१

गार्गीची बोटं अशी चालली होती, जणू कढईत लाह्या फुटताहेत. उताऱ्याचा शेवटचा परिच्छेद तेवढा राहिला होता. शेजारच्या टेबलावर देवव्रत मान खाली घालून तिचा पाठलाग करत होता, पण चांगलाच मागे होता. आणि नेमकी त्याच वेळी गार्गीच्या कीबोर्डची डावी बाजू खाली बसली.

फार आवाज झाला नाही. दमलेली बाई जिन्याच्या पायरीवर टेकते, तसा तो टेकला. पण बोटं घसरायला तेवढं पुरलं. पडद्यावर ओळभर भलतीच अक्षरं उमटली. गार्गीने कीबोर्ड सारखा केला, तो पुन्हा बसला. शेवटी तिने डाव्या कडेखाली कंपासपेटी सरकवली, चुका खोडल्या आणि नव्याने सुरुवात केली. तेवढ्यात शेजारून आवाज आला, "झालं माझं."

टाळ्या वाजल्या, पण अर्ध्यामुर्ध्या.

मुलुंड पूर्वेच्या शरदिनी सोसायटीत हॉलच्या मागे एक खोली आहे. पद्मजाताई दळवी तिथे मुलांना मराठी टंकन शिकवतात. आणि नुसतं टंकन नाही, यंत्र उघडायचं कसं, पुसायचं कसं, पुन्हा जोडायचं कसं, तेही. ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्रात नाजूक उपकरणांची दुरुस्ती करण्यात त्यांची सारी नोकरी झाली. निवृत्तीनंतर हात स्वस्थ बसेनात, म्हणून हा वर्ग. उपनगरातल्या सोसायट्यांची टंकन स्पर्धा आज संध्याकाळी घाटकोपरला होती. प्रत्येक सोसायटीतून एकच नाव जाणार होतं. शरदिनीचं नाव ठरवण्यासाठी ही सकाळची चाचणी होती, आणि गार्गीच जाणार हे अख्ख्या सोसायटीने धरून ठेवलं होतं.

गार्गीने कीबोर्ड पालथा केला. पाठीवर, मागच्या कडेला, दोन टोकांना दोन छोटे पाय असतात. उघडले की कीबोर्ड मागून उचलला जातो, मिटले की सपाट बसतो. डावा पाय मिटून आत गेला होता.

"आजी, हे पाय कुणीतरी काढून पुन्हा बसवलेत," गार्गी म्हणाली. "काल दुपारी रबरं झिजलेली होती. आता बघा, नवी आहेत."

दाराशी देवव्रतची धाकटी बहीण इरावती उभी होती. वर्गात ती सगळ्यांत नवी. तिने स्टीलची ताटली छातीशी धरली होती. "आजी, पाय मोडला नाही ना?" तिने विचारलं, पण तिच्याकडे कुणी वळून पाहिलं नाही. सगळ्यांच्या नजरा देवव्रतच्या बोटांवर खिळल्या होत्या. बोटांच्या टोकांना काळे डाग होते, आणि पंक्चर काढणाऱ्याकडच्या सोल्यूशनचा वास सगळ्यांनाच आला.

"मी काढले," देवव्रत म्हणाला. जरा थांबला. "आणि मीच बसवले. आता मला आणखी काही विचारू नका."

२

"विचारू नका म्हणजे?" सोसायटीचे सेक्रेटरी सुबोध प्रधान उसळले. "अरे, हिला पाडून तू निवडून आलास, आणि वर आम्हीच विचारायचं नाही? पद्मजाताई, मी घाटकोपरला फोन लावतो. शरदिनीकडून यंदा कुणीच नाही. आणि हा मुलगा या खोलीत पुन्हा दिसता कामा नये."

देवव्रतचा चेहरा पांढराफटक पडला. तो नववीत होता. या खोलीत तो पहिल्यांदा आला तेव्हा त्याचे हात टेबलाला जेमतेम पुरायचे.

"सुबोध," पद्मजाताई शांतपणे म्हणाल्या, "दुपारची जेवणं होईपर्यंत फोन लावू नकोस."

"कशाला? पोराने कबूल केलंय की!"

"म्हणूनच. कबुली खरी की खोटी, हे तपासायला नको का? यंत्राच्या बाबतीतसुद्धा आपण पहिल्या आकड्यावर विश्वास ठेवत नाही."

सुबोध प्रधान हात झाडत बाहेर गेले. पद्मजाताईंनी कीबोर्ड खिडकीपाशी नेला, पालथा ठेवला आणि भिंग काढलं.

हा पाय म्हणजे तशी क्षुद्र वस्तू, बोटाच्या पेराएवढी. त्याला दोन बाजूंना दोन बारीक खुंट्या असतात आणि त्या कीबोर्डच्या भोकांत बसतात. पाय काढायचा तर तो आधी अर्धवट उघडून उभा ठेवायचा, मग चिमटीत धरून दोन्ही खुंट्या आत दाबायच्या. पाय आपसूक हातात येतो. मिटलेला असताना उचकटला तर खुंटी तुटलीच म्हणून समजा. वर्गात पहिला धडाच हा होता: "नखाने नाही, जोराने नाही, चिमटीने."

पद्मजाताईंनी दोन्ही पाय काढून पाहिले आणि होते तसेच परत बसवले. चारही खुंट्या शाबूत. नवीन रबर सायकलच्या ट्यूबचं, कात्रीने गोल कापून चिकटवलेलं. कडा इतकी सुबक, की कापणाऱ्याच्या पाठीवर शाबासकी द्यावी. ज्याला कीबोर्ड पाडायचा आहे, तो त्याला नवे जोडे कशाला घालील?

मग त्यांना कोड्याची खरी गाठ सापडली. प्रत्येक पायाच्या एका अंगाला एक बारीक दात असतो. पाय उभा केला की तो दात खाचेत अडकतो, 'टक्' असा आवाज होतो आणि पाय पक्का होतो. बाकीच्या सगळ्या कीबोर्डांचे दात बाहेरच्या बाजूला होते. गार्गीच्या कीबोर्डचे दोन्ही दात आत, एकमेकांकडे तोंड करून होते. म्हणजे डाव्या जागी उजवा पाय होता आणि उजव्या जागी डावा. खुंट्या भोकांत गेल्या, पण दात कशातच अडकला नाही. पाय नुसता उभा होता, भरवशाचा नव्हता.

अदलाबदल होऊ नये म्हणून तर वर्गाची रीत होती. पाय काढायचे तेव्हा डाव्याला नेलपॉलिशचा लाल ठिपका लावायचा, पाय ताटलीत ठेवायचे, आणि बसवताना लाल तो डावीकडे. ठिपका तर ताजा होता. पद्मजाताईंनी कीबोर्ड टंकनाला ठेवतात तसा समोर धरून पाहिला. लाल ठिपक्याचा पाय कुठे होता?

डावीकडेच.

त्यांनी भिंग खाली ठेवलं. ठिपका बरोबर होता आणि पाय चुकीचा होता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा?

३

काल दुपारनंतर खोलीत कोण कोण आलं होतं, ते शोधायला वेळ लागला नाही. पहिला होता धवल. घाटकोपरच्या आयोजकांकडून स्पर्धेचा प्रोग्रॅम घालायला तो काल आला होता, आणि आजची चाचणी बघायला आज पुन्हा. घाटकोपरच्या एका सोसायटीकडून त्याची भाची उतरणार होती.

"आंटी, मी तर फक्त प्रोग्रॅम टाकला यार," धवल म्हणाला. "कीबोर्ड उचलून पण नाही बघितला. माझी भाची बिनधास्त जिंकेल, मला असले धंदे कशाला पाहिजेत?"

"मला तरी कुठे म्हणायचंय तसं?" पद्मजाताईंनी त्याच्यापुढे एक जुना, बाद झालेला कीबोर्ड ठेवला. "एवढा एक पाय काढून दे बघू."

"बस, एवढंच?" धवलने खिशातून घराची किल्ली काढली, मिटलेल्या पायाखाली घातली आणि वर दाबली. कट्! खुंटी तुटून टेबलावर पडली. "अरे! हा तर सडलेला आहे, आंटी."

"असेल हो," म्हणत पद्मजाताईंनी तुटकी खुंटी उचलून ठेवली.

दुसरे खुद्द सुबोध प्रधान. खोलीची किल्ली त्यांच्याकडे असते, आणि या खोलीत टेबल टेनिसचं टेबल मांडायचं त्यांच्या मनात कधीचं आहे, हे सोसायटीत कुणापासून लपलेलं नाही.

"म्हणजे माझ्यावर संशय?" ते म्हणाले. "ताई, मी टेबल टेनिससाठी भांडेन, मीटिंगमध्ये आरडाओरडा करेन, पण पोरांच्या वस्तूला हात नाही लावणार."

"तेही खरंच म्हणा. हा पाय काढ बरं."

सुबोधरावांनी पाय उघडला, अंगठा रोवला आणि असा काही खेचला, की तो टणकन उडून कपाटाखाली गेला. त्याची एक खुंटी कीबोर्डच्या भोकातच राहिली. सेक्रेटरी गुडघ्यांवर बसून कपाटाखाली हात घालू लागले. पद्मजाताईंनी मोठ्या कष्टाने हसू दाबलं.

तिसरा नंदू. हॉलची साफसफाई आणि सोसायटीची सगळी बारीकसारीक कामं तोच बघतो. मालवणजवळच्या गावातून तो मुंबईला आला त्याला बरीच वर्षं झाली, पण जिभेवर अजून गावच आहे.

"बाई, माका नको त्या भानगडीत ओढू," पुढ्यात कीबोर्ड येताच त्याने दोन्ही हात मागे घेतले. "मी लादी पुसतंय, दार लावतंय. तुमच्या त्या डब्यांका मी हातव लावणंय नाय. एकदा वायर सुटली तर सायबान माझो जीव खाल्ल्यान."

"बरं बाबा, नको लावूस हात. काल संध्याकाळी दार लावायला आलास, तेव्हा काही वेगळं दिसलं का रे?"

नंदूने डोकं खाजवलं. "वेगळा काय नाय... हां, एक होता. हॉलातल्या सोफ्याची उशी हय त्या गार्गीच्या खुर्चेर होती. कित्याक होती, देवाक ठावक. मी उचललंय आणि जाग्यार ठेवलंय."

पद्मजाताई ताठ बसल्या. "उशी? खुर्चीवर?"

"होय तर. गार्गी तर माज्यापरास उंच, तिका उशी कित्याक लागता?"

४

देवव्रत गच्चीच्या जिन्यात बसलेला सापडला. पद्मजाताई त्याच्या शेजारी पायरीवर बसल्या. काखेत कीबोर्ड होता.

"जेवलास?"

"भूक नाही."

"मला पण नाही. चल, तोवर काम करू. काल पाय कसे काढलेस ते दाखव. तेवढं सांगायला हरकत नाही ना? काढले तर तूच."

देवव्रतने कीबोर्ड मांडीवर घेतला. त्याने उजवी कड धरून, पुस्तकाचं पान उलटावं तसा तो डावीकडे उलटा केला. पाय अर्धवट उभा, चिमटी, हलकासा दाब, आणि पाय त्याच्या तळहातावर. कुठे ओरखडा नाही. असं काम बघताना पद्मजाताईंना नेहमी जो आनंद व्हायचा, तो आजही झाला.

"आणि ठिपका?"

"डाव्याला." त्याने आपल्या डाव्या हाताशी असलेल्या पायाकडे बोट दाखवलं. "याला."

पद्मजाताईंनी मान डोलावली. मग त्याच्या शेजारी पडलेली वही पालथी करायला सांगितली. त्याने पुस्तकाच्या पानासारखी उलटली. खिशातला मोबाइल पालथा ठेवायला सांगितला. पुन्हा तसाच.

"गार्गीच्या कीबोर्डला नवं रबर लावलंस ते का रे?"

देवव्रतने मोबाइल खिशात टाकला. "तिचा कीबोर्ड टाइप करताना सरकायचा, आजी. ती दर दोन ओळींनी तो मागे ओढायची. तिला वाटायचं आपलंच चुकतंय. मला कळलं होतं. ती अशी हरली असती आणि मी जिंकलो असतो, तर ते काय जिंकणं?"

"मग हे तिला का नाही सांगितलंस?"

"ती अख्ख्या वर्गाला सांगत सुटली असती, देवव्रतने मला दया दाखवली म्हणून. नकोच ते."

"आणि पाय बसवले कुणी?"

"मी." पुन्हा तेच किंचित थांबणं.

पद्मजाताईंनी त्याचा खांदा थोपटला आणि उठल्या. "काढण्याचं खरं सांगितलंस. बसवण्याचं खोटं. आणि ते खोटं आहे, हे मी आता सगळ्यांसमोर सिद्ध करून दाखवणार आहे."

"आजी, नको!" देवव्रत ताडकन उभा राहिला. सकाळपासून पहिल्यांदाच त्याच्या आवाजात भीती होती.

५

जेवणं आटोपून सगळे खोलीत जमले. सुबोधराव फोन हातात घेऊन तयारच होते. धवल दाराला टेकून उभा होता. गार्गी हाताची घडी घालून बसली होती, आणि इरावती भिंतीशी, ताटली घट्ट धरून.

"पहिली गोष्ट," पद्मजाताईंनी सुरुवात केली. "हे पाय ज्याने काढले आणि ज्याने बसवले, त्याच्या हातून एकही खुंटी तुटली नाही. आज दोन शहाण्यांनी माझ्या जुन्या कीबोर्डची काय वाट लावली, ते मी सांगत नाही."

"सांगितलंच की तुम्ही, ताई," सुबोधराव पुटपुटले. मुलं खुदखुदली.

"म्हणजे हे काम माझ्याच वर्गातल्या मुलाचं. मला याचं वाईट वाटायला हवं, पण खरं सांगू, अभिमान वाटतो. दुसरी गोष्ट. पायांची अदलाबदल झालेली आहे, तरी लाल ठिपका डावीकडेच आहे. आता हे बघा."

त्यांनी टिकल्यांच्या पाकिटातून एक टिकली काढली आणि कीबोर्डच्या डाव्या कडेला चिकटवली. मग पुस्तकाचं पान उलटतात तसा कीबोर्ड उलटा केला. "टिकली कुठे गेली?"

"उजवीकडे!" मुलं ओरडली.

त्यांनी कीबोर्ड पुन्हा सरळ ठेवला. आता त्यांनी पलीकडची लांब कड धरली, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान उलटावं तसा तो उलटा केला. "आता?"

मुलं पुढे सरकली. मग गार्गी हळूच म्हणाली, "डावीकडेच राहिली."

"राहिली ना? घरी जाऊन पाटावर करून बघा, पोळपाटावर करून बघा. देवव्रत कीबोर्ड पानासारखा उलटवतो. नेहमी तसाच, कीबोर्ड, वही, मोबाइल, मी तीनदा बघितलं. त्यामुळे पालथ्या कीबोर्डवर त्याच्या डाव्या हाताशी आला, तो खरं तर उजवा पाय. त्यालाच त्याने लाल ठिपका लावला. आता तोच पाय त्यानेच बसवला असता, तर?"

गार्गी विचार करू लागली. बोटांनी हवेत कीबोर्ड उलटवत होती. "तर... त्याने पुन्हा तसाच उलटवला असता. ठिपक्याचा पाय पुन्हा स्वतःच्या डावीकडे बसवला असता. म्हणजे जिथून निघाला तिथेच! आजी, मग चूक झालीच नसती!"

"शाबास. ज्याने काढले त्यानेच बसवले असते, तर ठिपका चुकीचा असूनही पाय बरोबर बसले असते. पाय चुकले, याचाच अर्थ बसवणारा हात दुसरा होता. तो हात कीबोर्ड कॅलेंडरसारखा उलटवतो. त्याने ठिपका वाचला, आपल्या रीतीप्रमाणे लाल पाय डावीकडे बसवला, आणि तो खरोखरच डावीकडे गेला. रीत दोघांनीही पाळली. दोघांपैकी एकटा कुणीही चुकला नाही. चुकली ती जोडी."

"पण दुसरा कोण?" सुबोधरावांचा फोन केव्हाच खिशात गेला होता.

"पायाचे दोन आवाज असतात. खुंटी भोकात गेली की एक टक्, आणि पाय उभा केला की दुसरा. दुसरा आवाज आला नाही, हे ज्याला कळलं नाही, त्याने आजवर पाय स्वतः कधी बसवलेला नाही. नुसता बसवताना बघितलाय. त्याला खुर्चीवर उशी घेतल्याशिवाय टेबल पुरत नाही. आणि सकाळी बाकी सगळे गार्गीच्या निकालाची चिंता करत होते, तेव्हा एका व्यक्तीने मला विचारलं होतं, पाय मोडला नाही ना."

पद्मजाताई भिंतीकडे वळल्या आणि त्यांनी कीबोर्ड पुढे केला.

"इरा, हा जरा उलटा कर बघू."

"आजी, ती लहान आहे!" देवव्रत मध्ये आला. "मी सांगितलं ना, मीच..."

"दादा, सरक," इरावती म्हणाली.

तिने ताटली खाली ठेवली. कीबोर्ड तिच्या हातांना फार लांब पडत होता. दोन टोकं धरून तो फिरवणं तिला शक्यच नव्हतं. तिने पलीकडची लांब कड दोन्ही हातांनी पकडली आणि आपल्याकडे ओढून, कॅलेंडरच्या पानासारखा, कीबोर्ड पालथा घातला.

६

मग मात्र तिचा बांध फुटला. रडतारडताच ती घडाघडा बोलायला लागली.

"दादा म्हणाला सोल्यूशन वाळू दे, ताटलीकडे बघ, मी बॅडमिंटन खेळून येतो. मग ते वाळलं. मी फुंकर घालून बघितलं. मग मी... लहानांनी फक्त ताटली धरायची, हे मला माहीत आहे, आजी. पण चिमटीने केलं. नखाने नाही केलं. आणि टक् वाजलं, खरंच वाजलं! दोन्ही पायांना वाजलं!"

"आणि तू?" पद्मजाताईंनी देवव्रतला विचारलं.

"काल खेळून आलो तोवर दार लागलं होतं. सकाळी बसवायला आलो, तर पाय आधीच जागेवर, आणि गार्गी येऊन बसलेली." देवव्रत खाली बघत होता. "हिच्याकडे बघितलं तर ही गालातल्या गालात हसत होती. मला वाटलं, वा! एवढीशी पोर, एक खुंटी मोडली नाही! छाती फुगली होती माझी. आणि मग तो पाय बसला. हिचं नाव सांगितलं असतं, तर तुम्ही हिला वर्गातून काढलं असतं."

"म्हणून स्वतःला काढून घ्यायला निघालास?"

त्याने इरावतीला जवळ ओढलं.

गार्गी उठली. ती देवव्रतसमोर जाऊन उभी राहिली. ती त्याच्यावर भडकणार, असं सगळ्यांना वाटलं. आणि ती भडकलीच.

"मूर्ख! कीबोर्ड सरकतोय हे तुला कळलं होतं, तर मला सांगायचं ना! आठवडाभर मला वाटतंय माझ्याच बोटांना काहीतरी झालंय. डॉक्टरकडे जायची वेळ आली होती रे माझी!" मग तिने नाक ओढलं. "रबर झकास कापलंयस पण."

हसण्याचा मोठा कल्लोळ झाला. सुबोधरावांनी घसा साफ केला. "देवव्रत, मी सकाळी जे बोललो..."

"राहू दे काका," देवव्रत म्हणाला. "चाचणी पुन्हा घ्या, एवढंच. तो निकाल मला नकोय."

"घेऊ या," पद्मजाताई म्हणाल्या. "त्याच कीबोर्डवर, त्याच पायांनी. आणि पाय बसवणार इरावती."

इरावतीने डोळे पुसले. उशी आणली गेली. धवलने स्वतः ती खुर्चीवर ठेवली. पोरीने दोन्ही पाय काढले, अर्धवट उभे करून, चिमटीने, आणि ताटलीत ठेवले. मग हात थांबवून ती विचारात पडली.

"आजी, ठिपका पायालाच का लावायचा? कीबोर्डलाही लावू या ना. लाल पायाच्या भोकापाशी लाल. मग कुणीही कसाही उलटवू दे."

पद्मजाताईंनी कितीतरी मुलांच्या हातात ती नेलपॉलिशची बाटली दिली होती. पण हे आजवर कुणीच सुचवलं नव्हतं. त्यांनाही सुचलं नव्हतं. त्यांनी बाटली इरावतीपुढे सरकवली. आधी दात बाहेर येतील अशा बेताने पाय जुळवून घेतले, मग लाल पायाच्या भोकापाशी दुसरा लाल ठिपका. पाय बसला. टक्. इरावतीने तो उभा केला, मान तिरकी केली आणि कान दिला.

टक्.

चाचणी सुरू झाली. लाह्या फुटू लागल्या, या वेळी दोन कढयांत. पडद्याकडे बघायचं सोडून पद्मजाताई वाकून कीबोर्डखालच्या फटीतून त्या पायाकडे बघत होत्या. तो हलला नाही. गार्गीने हात वर केला, आणि तिच्या पाठोपाठ, अर्ध्या ओळीच्या अंतराने, देवव्रतने.

"अर्ध्या ओळीने हरलो!" देवव्रत ओरडला. हरलेला मुलगा इतक्या आनंदाने ओरडताना सोसायटीत कुणी पाहिला नव्हता. "पण पाय हलला का, सांगा! हलला का?"

सुबोधरावांनी घाटकोपरला फोन लावला. "हां, शरदिनी सोसायटी, मुलुंड पूर्व. नाव लिहून घ्या, गार्गी. आणि आमचा कीबोर्ड आम्ही घेऊन येणार आहोत."

"अहो प्रधानकाका, आमच्याकडे नवे आहेत सगळे!" धवल दारातून म्हणाला. "आमचे काय वाईट आहेत?"

सुबोधरावांनी फोन खाली केला आणि छाती पुढे काढली, जणू ठिपके लावायची रीत त्यांनीच काढली होती.

"असतील नवे. पण तुमच्या पायांना ठिपके आहेत का?"